पिशवी रंगवून इस्त्रीने फुलवायची आणि तिचं ग्रीटिंग कार्ड करायचं, ते कसं?

तुम्ही लिहिलंय की दुधाची पिशवी रंगवून इस्त्रीखाली धरली, तर ती वितळून इस्त्रीलाच चिकटली. दुधाची पिशवी सोडा. ती फार लवकर वितळते आणि तिच्यावर रंगही टिकत नाही. साडीच्या दुकानात मिळते ती कापडासारखी पिशवी घ्या. दिसते कापडी, पण असते पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची. वितळायला साधारण १६० अंश लागतात, मात्र त्याआधीच ती आकसू लागते, आणि आपल्याला हवं असतं तेवढंच.

न छापलेला भाग कापून त्यावर अ‍ॅक्रिलिक रंगाचा पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या. मग रंगाची बाजू खाली, आणि वर-खाली बेकिंगचा पार्चमेंट पेपर. मेणाचा कागद नको, मेण इस्त्रीला लागतं. वाफ बंद. सुरुवात सिल्कच्या खुणेवर करा, काहीच हाललं नाही तर थोडं वर जा. इस्त्री दाबायची नाही, नुसती टेकवायची आणि तीन-चार सेकंदांनी उचलून बघायचं. आधी कडा वळतात, मग मधे बारीक फुगवटे उठतात. संक्रांतीच्या हलव्याला काटा फुटतो ना, अगदी तसे! आणि हलव्यासारखाच इथेही धीर लागतो. आच जास्त झाली की भोकं पडतात. पडली तरी तुकडा टाकू नका, खाली सोनेरी कागद लावला की त्यातून फार सुंदर चमकतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. रेक्झिन किंवा त्रिकोणात ३ आकडा असलेलं प्लास्टिक कधीही तापवू नका. ते पीव्हीसी असतं, त्यातून हायड्रोजन क्लोराईडचा विषारी वायू निघतो. बाकी कामही खिडकी उघडी ठेवूनच, आणि मुलांना लांब ठेवून.

कार्डाला मी जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू वापरते, कागद छान जाड असतो. फेविकॉलने हा तुकडा नंतर सुटतो. म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, नाहीतर सरळ सुई-दोरा. गेल्या संक्रांतीला काळ्या पिशवीवर पांढरे ठिपके देऊन ती फुलवली आणि कडेने लाल दोऱ्याचा धावदोरा घातला. नणंदेने कार्ड उघडायच्या आधी कितीतरी वेळ त्यावरून नुसता हात फिरवला.