‘कार्पोरेशनचं मत’ म्हणजे नक्की कोणाचं मत?

नाशिकमधल्या एका अनुवादकाचा प्रश्न आहे: ‘परदेशी बातमीत “कॉर्पोरेट व्होटिंग राइट्स इन लोकल इलेक्शन्स” असं आहे. यंत्राने त्याचं “स्थानिक निवडणुकीत महापालिकेचे मतदान हक्क” केलं. मराठीत काय लिहू?’

बातमी आहे स्थानिक निवडणुकीत कंपन्यांना असलेल्या मताच्या हक्काची. यंत्राचं भाषांतर चुकलंच आहे, पण त्याचं मूळ आपल्या बोलण्यातही आहे. नाशिककर ‘कार्पोरेशन’ म्हणतो ते राजीव गांधी भवनातल्या महापालिकेला, आणि ‘कार्पोरेटर’ म्हणजे नगरसेवक. त्यामुळे ‘कार्पोरेशनला मताचा हक्क’ असा मथळा छापला तर सातपूरच्या वाचकाला कंपनी दिसणारच नाही. ‘कॉर्पोरेट मतदान’ लिहिलं तर वार्षिक सभेतलं भागधारकांचं मतदान आठवतं. म्हणजे तेही चालणार नाही.

मग ‘निगम’ किंवा ‘निकाय’? कायद्याच्या मराठीत ‘निगम निकाय’ आहे, आणि हे दोन्ही शब्द नाशिकच्या दगडावर कोरलेले आहेत. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून गोवर्धनच्या विणकरांकडे ठेवले: एका ‘कोलीकनिकाया’कडे 2000, दुसऱ्याकडे 1000, व्याज महिन्याला शेकडा 1 आणि पाऊण. हे दान ‘निगमसभेत’ वाचून दाखवलं, असंही लेख सांगतो. म्हणजे इथे निकाय ही ठेव घेणारी, एकत्र व्यवहार करणारी व्यावसायिक संस्था, आणि निगमसभा म्हणजे गावसभा. आज हिंदी बातम्यांमुळे ‘नगर निगम’ म्हणजे महापालिका आणि ‘स्थानीय निकाय’ म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था असे अर्थ कानात बसलेत. दोन्ही शब्द सुंदर आहेत, पण या कामाला निरुपयोगी. ‘संस्था मताधिकार’ही अडतो, कारण ‘स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत संस्थांचा मताधिकार’ हे वाक्य वाचवत नाही.

म्हणून साधं ‘कंपन्यांचा मताधिकार’ लिहा. मतदार यादीत भागीदारी वा न्यास असतील तर ‘कंपन्या व व्यावसायिक संस्थांचा मताधिकार’. (घाईत ‘मताधिक्य’ टाइप होतं, ते वेगळं, जास्त मतं मिळणं.)

पण मथळा सुटला तरी क्रियापद जपायला हवं. ‘कंपनीने मत दिलं’ हे दरवेळी खरं नसतं. लंडन शहराच्या जुन्या गाभ्यात, म्हणजे ‘सिटी ऑफ लंडन’मध्ये, 2002 च्या कायद्यानुसार कंपनी मतदार नेमते. 9 पर्यंत कर्मचारी असले तर एक मतदार, 50 पर्यंत दर पाचांमागे एक, आणि त्यापुढे दहावर दर 50 कर्मचाऱ्यांमागे आणखी एक. 40 माणसांच्या कंपनीचे 8, 300 माणसांच्या कंपनीचे 15. मतपत्रिका गुप्त असते, मालकाला ती दिसत नाही. इथे ‘कंपनीने नेमलेले मतदार’ असं लिहा. मेलबर्नमध्ये कंपनीच्या वतीने दोन प्रतिनिधी मत देतात. सिडनीत व्यवसायांना दोन मतं देणारी 2014 ची तरतूद 2023 मध्ये रद्द झाली, तेव्हा त्या दोन मतांबद्दल भूतकाळच वापरा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या न्यूअर्क गावी 2018 च्या सार्वमतात अनेक कंपन्या हाताळणाऱ्या एकाच माणसाने 31 मतं दिली. तिथे मात्र ‘कंपन्यांच्या नावाने 31 मतं एकाने दिली’ हे वाक्य अगदी बरोबर, आणि या हक्कावरचा मुख्य आक्षेपही त्यातच आहे.

मराठीत संस्थेने प्रतिनिधीमार्फत मत देण्याला जवळचा शब्द सहकारात तयार आहे: ‘ठराव’. जिल्हा बँकेच्या निवडणुकीत सोसायटी संचालक मंडळात ठराव करून आपला एक सभासद प्रतिनिधी म्हणून पाठवते. ‘ठराव कोणाच्या नावाने झाला?’ हे निफाड-येवल्यात सगळ्यांना कळतं. त्यामुळे मेलबर्नसारख्या व्यवस्थेला ‘ठरावधारक प्रतिनिधी’ म्हटलं तर वाचक पटकन पकडतो. बाजार समितीचा दाखला मात्र देऊ नका. लासलगाव वा पिंपळगावच्या समितीच्या निवडणुकीत सोसायट्यांचे संचालक प्रत्येकी स्वतःचं मत देतात. तिथे संस्थेचं मत नसतं.

बातमीत ‘आपल्याकडे काय?’ ही ओळ जोडायची झाली तर ती नेमकी हवी. महापालिकेची मतदार यादी विधानसभेच्या यादीवरून होते आणि त्या यादीत 18 वर्षांचा, तिथला रहिवासी नागरिकच येतो. कंपनी नागरिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्येच सांगितलं. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20 प्रमाणे नुसती घराची मालकी असली म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही. अंबडला कारखाना, मालमत्ता कर महापालिकेत, पण राहणं सिन्नरला, तर मत सिन्नरलाच. मुंबईत 1888 च्या कायद्याने व्यापाऱ्यांच्या चेंबर ऑफ कॉमर्सला पालिकेत दोन सभासद निवडून पाठवता येत. पण त्याला ‘कंपन्यांचा मताधिकार’ म्हणू नका. तिथे ‘चेंबरच्या राखीव जागा’ लिहा.

तुमच्या बातमीचा मथळा असा ठेवता येईल: ‘नगरपालिका निवडणुकीत कंपन्यांनाही मताधिकार?’ त्यातला ‘ही’ काढू नका, नाहीतर रहिवाशांचा हक्क गेला असा अर्थ होतो.