चालू सर्व्हरमधील डिस्क बदलताना

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर सॉफ्टवेअर रेड-१ ने (दोन्हींवर तीच माहिती ठेवणाऱ्या पद्धतीने) जोडलेल्या दोन साटा डिस्कपैकी एक सदोष झाली आहे. सर्व्हर बंद न करता ती बदलता येईल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : डिस्क हाताळणारा कंट्रोलर आणि डिस्कचा कप्पा या दोहोंना हॉट-स्वॅपची, म्हणजे यंत्र चालू असताना डिस्क बदलण्याची, सोय असल्यास येईल. आधी बॅकअप घ्यावा. सदोष डिस्कचा अनुक्रमांक कप्प्यावरील चिठ्ठीशी ताडून पाहावा, कारण लिनक्सने डिस्कना दिलेली एसडीए, एसडीबी ही नावे बदलू शकतात आणि घाईत चांगली डिस्क उपसली गेली, तर चालू यंत्रणाच कोसळते. त्यानंतर ‘एमडीएडीएम’ या रेड सांभाळणाऱ्या आज्ञेने डिस्क सदोष ठरवून संचातून काढावी, कर्नेललाही (लिनक्सच्या गाभ्यालाही) ती सोडायला लावावी आणि तबकडी थांबल्यावरच ओढावी. नवी डिस्क तितक्याच किंवा अधिक क्षमतेची हवी. तिच्यावर विभाजन-तक्ता (डिस्कच्या भागांची नोंद) व बूटलोडर (यंत्रणा सुरू करून देणारा प्रोग्राम) घालण्यास विसरू नये. ती संचात जोडल्यावर होणारी पुनर्बांधणी, म्हणजे तिच्यावर माहिती उतरवणे, पूर्ण होईपर्यंत माहितीची एकच प्रत असते; आपल्याकडील विजेचा भरवसा पाहता यूपीएस आधीच तपासलेला बरा.