वाचक विचारतात : शाळेत न जाणाऱ्या मुलांच्या सहली

या वेळी आलेल्या पत्रांत होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांची पत्रं बरीच होती आणि जवळपास सगळ्यांचा विषय एकच, मुलांना घेऊन मुंबईत आणि आजूबाजूला जायचं कुठे आणि कसं. म्हणून हे पान त्यालाच दिलंय.

ताई नमस्कार, आम्ही डोंबिवलीला राहतो, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा, दोन वर्षं झाली घरीच शिकवतोय. गेल्या महिन्यात ५-६ कुटुंबांनी मिळून गाडी केली आणि एका दिवसात म्युझियम, तारांगण, गेटवे सगळं केलं. घरी येऊन विचारलं काय आवडलं, तर मुलगा म्हणाला वडापाव आणि खिडकीची सीट. मुलीला तर काही आठवतच नव्हतं. एवढा खर्च, एवढी दगदग, आमचं नक्की कुठे चुकतंय? – एक आई, डोंबिवली

अहो, मुलाचं काही चुकलं नाही, त्याला दिवसभरात निवांत बघायला मिळालं ते फक्त खिडकीतून. बाकी सगळीकडे "चला चला, पुढे चला" असंच झालं असणार.

मी माझ्या मुलीला पहिल्यांदा कान्हेरीला, म्हणजे बोरिवलीच्या संजय गांधी नॅशनल पार्कातल्या लेण्यांना, नेलं तेव्हा हेच केलं होतं. तिथे शंभरावर लेणी आहेत, मला वाटलं निदान वीस-पंचवीस तरी दाखवूया, एप्रिलचं ऊन, काळा दगड तापलेला, अकरा वाजेपर्यंत ती रडकुंडीला आली आणि आम्ही परत फिरलो. दुसऱ्या वेळी ठरवूनच गेलो की एकच गोष्ट बघायची. एका लेण्याच्या दाराशी दगडात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे (तिथल्या जुन्या शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय), त्याच्या काठाशी बसलो, डबा खाल्ला, आणि तिने आपणहून विचारलं की डोंगरावर पाणी कुठून येतं, इथे तर नळ नाही. मी उत्तर दिलं नाही. म्हटलं पावसात येऊन बघूया. जुलैत गेलो तर वरच्या कातळावर खोदलेल्या पन्हाळी वाहत होत्या आणि ते पाणी थेट टाक्यात पडत होतं, ती जवळजवळ तासभर एका पन्हाळीत पानं सोडून ती कुठे जातात ते बघत होती. त्यानंतर तिला घरच्या नळाचा प्रश्न पडला, मग पेपरात रोज येणारे तलावांचे आकडे ती वाचायला लागली, मुंबईला पाणी देणारे सात तलाव पाठ झाले, आणि त्यातले विहार आणि तुळशी हे दोनच शहराच्या हद्दीत आहेत, तुळशी तर त्याच नॅशनल पार्कात आहे, हे तिनेच मला नकाशावर दाखवलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की ठिकाणं कमी करा आणि खेपा वाढवा. शाळेच्या सहलीला वर्षातून एकच दिवस मिळतो म्हणून तिथे सगळं कोंबतात, तुम्हाला ती सक्ती नाही ना, तुमच्याकडे मंगळवार-बुधवार मोकळा आहे, गर्दी नसते, तेच ठिकाण उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तीनदा बघता येतं.

कान्हेरीला तुम्ही जाच, कारण तिथे तुमच्या शेजारच्या गावाचं नाव दगडात कोरलेलं आहे. कल्याणच्या लोकांनी दिलेल्या दानांचे, ब्राह्मी या जुन्या लिपीतले लेख तिथे आहेत, कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचाही आहे. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणहून माणूस इथपर्यंत कसा आला असेल, रस्ता कुठून असेल, हा प्रश्न मुलीला घालून बघा. सोमवारी पार्क बंद असतं. गेटपासून लेणी साधारण ६ किलोमीटर आत आहेत, आत बस मिळते. लेण्यांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पार्कचं तिकीट मात्र वेगळं काढावं लागतं. सकाळी लवकर पोचा, पाणी भरपूर घ्या, आणि माकडांसमोर डबा उघडू नका.

दुसरं म्हणजे तुमच्या डोंबिवलीला पाणी येतं उल्हास नदीचं. हीच नदी वर्षभराचा विषय करा की! कर्जत लोकल पकडली तर बदलापूर, कर्जतपर्यंत नदी कधी इकडून कधी तिकडून सोबत असते, मुलाला खिडकीची सीट आवडतेच आहे, त्याला कागद देऊन नदी आणि ओढे कुठे कुठे दिसले त्या खुणा करायला सांगा. एकदा कर्जतला उतरून पाण्याला हात लावा, एकदा कल्याणच्या खाडीवर जाऊन तेच पाणी बघा, रंग, वास, काठावर काय काय आहे, दोन बाटल्यांत पाणी घेऊन शेजारी शेजारी ठेवा. हा सगळा खर्च लोकलच्या तिकिटाएवढा. मुलांना यातून जे कळेल ना, ते "जलप्रदूषण" हा धडा चारदा वाचूनही कळत नाही.

आम्ही वसईत राहतो. बघण्यासारखं सगळं साऊथ मुंबईत, जाऊन येऊन चार तास लोकलमध्ये जातात, ७ वर्षांची मुलगी तिथे पोचेपर्यंतच थकते. शिवाय एका म्युझियमच्या खिडकीवर ग्रुपची सवलत मागितली तर "शाळेचं पत्र आणा" म्हणाले. आमच्यासारख्यांनी काय करायचं? – एक बाबा, वसई

तुम्ही वसईत राहून असं म्हणताय? तुमच्याकडे तर लोकांनी मुंबईहून मुलं घेऊन यायला पाहिजे. किल्ला आहे, १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला, आतल्या पडक्या चर्चमध्ये थडग्यांवरची जुनी अक्षरं अजून दिसतात, मुलीला बोटाने ती गिरवू द्या. वाड्यांमध्ये राजेळी केळी वाळवून सुकेळी करतात ते कुणा ओळखीच्यांकडे बसून बघा, वजन आधी किती आणि वाळल्यावर किती, तिथेच गणित होतं. हिवाळ्यानंतर मिठागरात नेऊन बाष्पीभवन दाखवा, काम करणाऱ्यांना आधी विचारून.

पण सगळ्यात आधी जा नालासोपाऱ्याच्या स्तूपाला, गावातले लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणतात. सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक, मोठं बंदर होतं. सोपाऱ्यातच १८८२ मध्ये जुन्या लेखांचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला, तो आता फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मला हा लेख फार आवडतो कारण त्याचा विषयच सहल आहे. अशोक म्हणतो की पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला फिरायला जायचे, मी मात्र वडीलधाऱ्यांना भेटायला आणि गावोगावच्या लोकांशी बोलायला जातो. आधी घरी ब्राह्मीची चार अक्षरं शिकवा, अधिकचं चिन्ह म्हणजे क, गोल म्हणजे ठ, उलटा व्ही म्हणजे ग. मग स्तूप. आणि महिन्याभराने एकदाच फोर्टला जा, फक्त त्या दगडासाठी, तिला तो स्वतः शोधू द्या, दगडावरचं एखादं अक्षर सापडलं की बाकी म्युझियम न बघता आईस्क्रीम खाऊन परत या. आपल्या गावचा दगड एवढ्या लांब का ठेवलाय, हे ती विचारेलच, आणि त्याचं उत्तर तुम्ही दोघांनी मिळून शोधा.

शाळेच्या पत्राचं असं आहे की खिडकीवरच्या माणसाकडे दोनच रकाने असतात, शाळा किंवा साधं तिकीट. त्याच्याशी वाद घालून मुलांसमोर सकाळ खराब करू नका. ८-१० मुलांचा कायमचा ग्रुप करा, एका कागदावर मुलांची नावं, वयं, सोबतच्या मोठ्यांचे फोन, कशासाठी येतोय हे चार ओळींत लिहा आणि पंधरा दिवस आधी त्या ठिकाणच्या शिक्षण विभागाला मेल करा. नाहीच जमलं तर साधं तिकीट काढून आत जा. आमच्या ग्रुपमध्ये दोन पालक रागावून दारातून परत गेले होते, मुलांचे चेहरे मला अजून आठवतात.

नातू घरी शिकतो, सारखा फिरत असतो. सगळं छान, पण दहावीचं काय? – एक आजी, ठाणे

आजी, वय १४ पूर्ण झालं की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून म्हणजे एनआयओएसमधून दहावी देता येते, शाळेत नाव असावं लागत नाही. तोपर्यंत त्याला फिरू द्या, फक्त प्रत्येक सहलीची वही ठेवायला लावा, तारीख, चित्र, काय विचारलं, काय कळलं. आणि एक खेप तुम्हीच त्याच्यासोबत करा, ठाण्याची खाडी तुम्ही लहानपणापासून बघितली असेल तर पूर्वी कशी होती ते सांगायला तुमच्याइतकं चांगलं माणूस त्याला मिळणार नाही.

आम्हाला १२ मुलांना घेऊन समुद्रकिनारी जीव बघायला जायचंय. कुठली वेळ घ्यावी? – होमस्कूलिंग ग्रुप, अंधेरी

वेळ कोळी लोकांकडून शिका. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, म्हणजे चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती, आणि त्याच्या सहा तास आधी-नंतर, नऊच्या सुमाराला ओहोटी. दिनदर्शिका घेऊन मुलांनाच हे गणित करू द्या, मग छापील वेळापत्रकाशी ताडून बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा ओहोटीला पाणी समुद्रात खूप मागे जातं, खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक अगदी कमी, तेव्हा जाऊन फारसं काही दिसत नाही. म्हणून द्वितीया-तृतीयेची सकाळ चांगली, ओहोटी साडेसात-आठला येते, ऊनही कमी.

हाजी अली किंवा गिरगावच्या खडकांत शंखात राहणारे खेकडे, समुद्रफुलं, दगडाला चिकटलेली कालवं सापडतात. खाडीच्या चिखलात निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारताना दिसतात, पण चिखलात मुलं उतरवू नका, काठावरूनच बघा. तीन मुलांमागे एक मोठा माणूस हवाच, सँडल पट्ट्याचे, आणि ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोचायचं, पाणी वळलं की लगेच बाहेर, कितीही रंगात आले असले तरी. पावसाळ्यात नकोच. दगड उलटून खाली बघितलं तर तो जसा होता तसाच परत ठेवायचा, कारण खालच्या जीवांना ऊन लागलं तर ते मरतात, हे निघायच्या आधी प्रत्येक मुलाला स्वतंत्र सांगा, आणि घरी न्यायला शंख उचलला तर आधी आत कुणी राहतंय का ते बघायला लावा.