हॉस्पिस निवडताना आधी रात्रीचं विचारा

हॉस्पिस म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात शेवटच्या काळात रुग्णाची काळजी घेणारी सेवा. माहितीपत्रकं सगळ्यांचीच छान असतात, ती बाजूला ठेवा. पहिला प्रश्न हा विचारा: रात्री दोन वाजता दुखणं वाढलं तर फोन कोण उचलणार, आणि नर्स घरी यायला किती वेळ लागेल? 'आम्ही चोवीस तास आहोत' हे उत्तर नव्हे. शक्य असेल तर एखाद्या रविवारी रात्री स्वतः फोन लावून बघा. (आगाऊपणा वाटेल, वाटू द्या.)

दुसरं, वेदनाशमन. मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध देतात का, नियमित डोसच्या मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस आधीच लिहून ठेवतात का, हे स्पष्ट विचारा. मॉर्फिनसोबत बद्धकोष्ठतेचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू करावं लागतं. ते त्यांनी आपणहून सांगितलं तर माणसं जाणकार आहेत असं समजा. 'सवय लागेल' म्हणून हात आखडणाऱ्यांकडे मी तरी जाणार नाही. लंडनमध्ये १९६७ साली डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी सेंट क्रिस्टोफर्स हे हॉस्पिस सुरू केलं, तेव्हापासून दुखणं उसळायची वाट न बघता ठरल्या वेळी औषध देणं हा या कामाचा पाया आहे.

एका नर्सकडे किती रुग्ण, दर वेळी तीच येते की नवा चेहरा, हेही विचारा. खर्चाचं लेखी घ्या. आणि रुग्ण गेल्यावर घरच्यांची विचारपूस करतात का? हा प्रश्न आत्ता जड जाईल, तरी विचाराच.