श्रद्धा कथेत कुठे असते?

प्रश्न : मी नाशिकमध्ये शरणपूर रोड परिसरात राहते, ख्रिस्ती कुटुंबात वाढले आहे आणि कथा लिहिते. माझ्या नव्या कथेत दिंडोरीकडच्या द्राक्षबागेतील एक मुकादम टोळीतल्या बायकांच्या मजुरीतले पैसे मारतो आणि मोठ्या आजारातून उठल्यावर त्यांच्यापैकी एका विधवेच्या दारी क्षमा मागायला जातो. शेवटी पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि क्षमेचा अर्थ समजावून सांगतात. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना वाटते की कथेत प्रभूचे नाव फार कमी आले आहे, तर लिहिणारे मित्र म्हणतात की चर्च पूर्णपणे काढल्याशिवाय ती सर्वांची कथा होणार नाही. मी कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोन्ही सल्ले श्रद्धेला कथेतला एक विषय समजतात, एकाला तो वाढवून हवा आहे, दुसऱ्याला वगळून. माझ्या मते श्रद्धेचे काम त्याच्या बरेच आधी सुरू झालेले असते. कोणता माणूस कायमचा हातचा गेला असे लेखक मानणार नाही आणि ज्याची पात्रता नाही त्याच्याही वाट्याला काय येऊ शकते, हे ती ठरवते. तुमचा मुकादम त्या दारापर्यंत जाऊ शकतो असे तुम्हांला सुचले, तिथेच तुमची श्रद्धा कल्पनाशक्तीत उतरली आहे. पाळकसाहेबांचे निरूपण त्यानंतर येते आणि ते मला अनावश्यक वाटते.

हे सांगताना माझ्यासमोर खुद्द येशूची कथनपद्धती आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली बोधकथा, दिंडोरी-निफाडच्या वाचकाला वेगळा समजावून द्यावा लागू नये. पहाटेपासून राबलेल्या मजुराला जेवढी मजुरी मिळते तेवढीच दिवस कलताना आलेल्यालाही मिळते, आधीचे कुरकुरतात, आणि धनी त्यांना उलट प्रश्न विचारतो; त्या प्रश्नाला मजूर काय उत्तर देतात हे दाखल्यात येत नाही. लूकच्या 15व्या अध्यायात उधळ्या पुत्राचा बाप, सारे उधळून परतलेल्या धाकट्याच्या स्वागतामुळे रुसलेल्या थोरल्या मुलाची समजूत घालायला स्वतः घराबाहेर येतो. तो मुलगा मग आत गेला की नाही? शुभवर्तमान ते सांगत नाही, आणि म्हणूनच तो प्रश्न आजही ऐकणाऱ्याकडे येतो. काही दाखल्यांचा अर्थ येशूने शिष्यांना उलगडून सांगितला आहे हे खरे. परंतु ज्या दोन दाखल्यांत तुमच्या कथेसारखी अपात्र माणसावरची कृपा आहे, ते दोन्ही त्याने असे मोकळे सोडले आहेत.

मराठीत हा पेच नवा नाही. बाबा पद्मनजींचे 1857 सालचे ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते, आणि ती उघडपणे ख्रिस्ती हेतूने लिहिलेली आहे. हिंदू विधवांच्या हालांकडे पाहण्याची तिची नजर आजही हलवते, कारण ज्या बाईला समाजाने मोजणीतून वगळले तिचे दुःख मोजण्याजोगे आहे, ही खात्री लेखकाला होती. जिथे पात्रे धर्मचर्चेला बसतात तिथे मात्र कथा थांबते आणि वाचक चर्चा संपण्याची वाट पाहू लागतो. एकाच श्रद्धेने पुस्तकाला बळही दिले आणि ओझेही.

नारायण वामन टिळकांची वाट निराळी होती. नाशिकला संस्कृत शिकलेला हा कवी 1895 साली ख्रिस्ती झाला आणि तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे सांगत राहिला. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त माउली होऊन येतो. म्हणजे नव्या श्रद्धेने त्यांची जुनी प्रतिमासृष्टी पुसली नाही, तिला नवे केंद्र दिले. ख्रिस्ताच्या चरित्रावरचे त्यांचे काव्य ‘ख्रिस्तायन’ 1919 साली त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. पुढे ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा आणि ज्यांनी पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे स्वतः बाप्तिस्मा घेतला नव्हता. ख्रिस्ती लेखनासाठी परकी भाषा आणि परके प्रसंग आणावे लागतात, असे कोणी तुम्हांला सांगितले तर या दोघांकडे बोट दाखवा.

आणखी एक उदाहरण रशियातले घेतो, कारण ते तुमच्या कथेच्या शेवटाशी थेट जोडलेले आहे. दस्तयेवस्की हा ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लेखक. परंतु ‘करामाझफ बंधू’ या कादंबरीत देवाच्या जगाविरुद्धचा सर्वांत धारदार युक्तिवाद त्याने त्या भावांपैकी संशयवादी इव्हानच्या तोंडी दिला. त्याच इव्हानने रचलेल्या गोष्टीत वृद्ध धर्माधिकारी ख्रिस्ताला कैद करून आरोपांमागून आरोप करतो, आणि ख्रिस्त उत्तरादाखल एकही शब्द न बोलता त्याचे चुंबन घेतो. ज्याची श्रद्धा पक्की आहे तो विरोधकाला दुबळे करून मांडत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की तुमच्या कथेतल्या विधवेला बोलू द्या. सध्या ती एका वाक्यात क्षमा करते, आणि ते मला खरे वाटत नाही. तिच्या मजुरीतून गेलेल्या पैशांनी तिच्या घरात काय अडले, उचल फेडायला पुढच्या छाटणीपर्यंत तिला काय करावे लागले, हे तिने त्याला ऐकवले पाहिजे, आणि क्षमा नाकारण्याचा तिचा हक्क शेवटपर्यंत शाबूत राहिला पाहिजे. शिवाय मारलेल्या पैशांचे पुढे काय झाले? लूकच्या 19व्या अध्यायातला जक्कय हा जकातदार लुबाडलेले पैसे चौपट परत करण्याची तयारी दाखवतो. तुमचा मुकादम मात्र रिकाम्या हाताने आला आहे. तिथे श्रद्धा खरोखर कमी पडली आहे, नावाच्या उल्लेखात नव्हे. पाळकसाहेबांना गावात राहू द्या, वाटल्यास मुकादमाला ते वाटेत भेटू द्या, पण त्या दारात त्यांना उभे करू नका.

प्रश्न : माझी मुलगी इंग्रजीतल्या जादू आणि काल्पनिक राज्यांच्या कादंबऱ्या वाचते. त्यांतले काही लेखक निष्ठावान ख्रिस्ती होते असे ती सांगते. हे कसे जुळते? (नाशिक रोड)

उत्तर : ती बरोबर सांगते. सी. एस. लुईस यांच्या 1950 साली सुरू झालेल्या नार्नियाच्या कथांचे बीज शिकवणुकीत नव्हते. बर्फाळ रानातून छत्री घेऊन चाललेल्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र त्यांच्या मनात वयाच्या सोळाव्या वर्षापासून होते, आणि कथांच्या केंद्रस्थानी असलेला सिंह अस्लान फार नंतर आला. त्या सिंहाला ते रूपक म्हणत नसत. दुसरे एखादे जग असते तर ख्रिस्त तिथे कोणत्या रूपाने आला असता, अशी ती कल्पना आहे.

त्यांचे मित्र जे. आर. आर. टॉल्कीन कॅथलिक होते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही मुळात धार्मिक आणि कॅथलिक कृती असल्याचे त्यांनी 1953 साली एका धर्मगुरूला लिहिले, आणि म्हणूनच धर्मासारख्या गोष्टींचे उल्लेख आपण त्यातून जवळजवळ सगळे काढून टाकले, असेही कळवले. कथेत नायक फ्रोडो शेवटच्या क्षणी मोहाला बळी पडतो, तरीही जी नष्ट करायला तो निघालेला असतो ती दुष्ट सत्तेची अंगठी नष्ट होते, कारण तिच्या मोहाने पछाडलेल्या ज्या गॉलमला मारणे सोपे आणि रास्त वाटत होते त्याला पूर्वी दया दाखवून जिवंत सोडलेले असते. मुलीला ती पुस्तके निर्धास्त वाचू द्या, आणि गॉलमला सोडायला हवे होते का, हे एकदा तिलाच विचारा.