सागरी मत्स्यालयासाठी घरी खारे पाणी कसे तयार करावे, आणि मिसळताना ते पांढरे का होते?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: १०० लिटरच्या सागरी टाकीसाठी खाण्याचे मीठ चालेल का, मीठ किती घ्यावे, आणि आपण बादलीत मिसळलेले पाणी दुधासारखे पांढरे होऊन तळाशी साका का बसला. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे आणि तिच्यातच बाकीच्या दोन प्रश्नांची निम्मी उत्तरे दडलेली आहेत.

मी पहिल्यांदा मीठ आधी बादलीत ओतले, ते भिजेल एवढेच पाणी त्यावर घातले, ढवळले आणि मग सवडीने बादली भरत गेलो. साखरेच्या पाकाला ही रीत चालते, समुद्राच्या पाण्याला चालत नाही. मत्स्यालयासाठीच्या मिठात कॅल्शियम असते आणि कार्बोनेट-बायकार्बोनेटही असतात. भरपूर पाण्यात ते एकत्र विरघळून राहतात, पण थोड्याशा पाण्यात त्यांचे प्रमाण इतके वाढते की त्यांचा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच, तयार होऊन तो खाली बसतो. नंतर कितीही पाणी ओतले तरी हा साका सहजी परत विरघळत नाही. अडचण अशी की पाण्यातल्या एकूण क्षारांच्या मानाने ही घट फार लहान असल्यामुळे क्षारता मोजणारे उपकरण आपल्याला अगदी योग्य आकडा दाखवत राहते, आणि प्रवाळांना लागणारे कॅल्शियम व अल्कलिनिटी (म्हणजे मुख्यतः पाण्यातले कार्बोनेट-बायकार्बोनेट) मात्र कमी झालेली असते. असे पाणी मी प्रवाळांच्या टाकीत घालणार नाही. (मीठ टाकल्यावर येणारा आणि काही तासांत निवळणारा हलका गढूळपणा वेगळा, त्याची चिंता नको.)

म्हणून क्रम असा ठेवावा की आधी सगळे पाणी भांड्यात घ्यावे, त्यात छोटा पंप सोडून पाणी जोरात फिरते ठेवावे, आणि मग मीठ थोडे थोडे, आधीचे विरघळल्यावर पुढचे, असे घालावे. भांडे खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लास्टिकचे असावे, धातूचे नसावे.

आता मिठाविषयी. खाण्याचे मीठ चालणार नाही, आणि केवळ त्यातले आयोडीन हे त्याचे कारण नव्हे. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड असते. समुद्रातल्या क्षारांत वजनाने सुमारे ८५ टक्के वाटा सोडियम आणि क्लोराइडचा असतो हे खरे, परंतु उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट येतात, आणि सागरी जीवांचे शरीर या सगळ्यांवर बेतलेले असते. एका लिटर समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे ४०० मिलिग्रॅमच्या थोडे वर असते. ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४ साली दाखवून दिले की खारटपणा कमी-जास्त असला तरी मुख्य क्षारांचे परस्परांशी प्रमाण जवळपास सारखेच असते. तयार सागरी मिठाचे मिश्रण बनवता येते ते याच आधारावर. ‘मग समुद्राच्या पाण्यापासूनच काढलेले मीठ का नको’, असे कोणी विचारेल. मिठागरात पाणी आटताना चुनखडी आणि जिप्सम आधीच खाली बसतात, मॅग्नेशियम शेवटी उरणाऱ्या कडवट पाण्याबरोबर निघून जाते, आणि हाती येते ते पुन्हा मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘अ‍ॅक्वेरियम सॉल्ट’ या नावानेही फसू नये. ते बहुधा गोड्या पाण्यातल्या माशांच्या उपचारासाठीचे साधे मीठ असते. पाकिटावर सागरी किंवा रीफ (प्रवाळांच्या) टाकीसाठी असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा.

समुद्राची सर्वसाधारण क्षारता एक किलो पाण्यामागे ३५ ग्रॅम, म्हणजेच २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व (शुद्ध पाण्याच्या तुलनेत घनता) सुमारे १.०२६. तयार मिश्रणात थोडा ओलावा धरलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात लिटरमागे ३५ ग्रॅमपेक्षा थोडे अधिक लागते. मिठाचे माप कपाने घेऊ नये, ते काट्यावर तोलावे. दाबून भरलेला कप आणि सैल कप यांत बराच फरक पडतो. ४० लिटर पाण्याला १४०० ग्रॅमपासून सुरुवात करावी, विरघळल्यावर मोजावे, आणि समजा आकडा ३३ आला तर लिटरमागे २ ग्रॅम या हिशेबाने आणखी ८० ग्रॅम घालावे. चढलेली क्षारता गोड्या पाण्याने उतरवता येते, पण खालून वर जाणे नेहमीच सोपे.

गोडे पाणी शक्यतो आरओ-डीआय गाळणीचे (विरघळलेले क्षारही काढून टाकणाऱ्या) आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण, शून्याजवळचे असावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन हवा सोडून ठेवल्यास उडून जाते, क्लोरामाइन तसे जात नाही. आणि तांबे अत्यल्प असले तरी कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ यांना घातक ठरते.

क्षारता मोजण्यासाठी मी रिफ्रॅक्टोमीटर वापरतो; पाण्यातून जाताना प्रकाश किती वळतो त्यावरून तो क्षारता दाखवतो. काट्याच्या हायड्रोमीटरवर (पाण्यात काटा किती वर तरंगतो त्यावरून मोजणाऱ्या उपकरणावर) एखादा बुडबुडा चिकटला तरी तो क्षारता जास्त दाखवतो. मात्र रिफ्रॅक्टोमीटर केवळ शुद्ध पाण्याने शून्यावर आणून भागत नाही. तो ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तपासावा, कारण कित्येक उपकरणांची पट्टी मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेली असते.

मीठ विरघळल्यावर पाणी झाकण न लावता काही तास, शक्यतो २४ तास, फिरते ठेवावे म्हणजे त्यात हवा मिसळून सामू (पीएच) ८.१ ते ८.३ च्या आसपास स्थिरावतो. त्याचे तापमान टाकीइतके करून, पुन्हा मोजून, मगच ते वापरावे. टाकीत अजून एकही जीव नसेल तर पहिल्या वेळी मीठ टाकीतच मिसळता येते, पण १०० लिटरच्या टाकीत वाळू आणि खडक गेल्यावर तेवढे पाणी मावत नाही, हे मीठ तोलताना ध्यानात ठेवावे. जीव सोडल्यानंतर कोरडे मीठ टाकीत कधीही घालू नये. त्याचे कण अंगावर पडले तर प्रवाळ भाजल्यासारखा होतो.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण ती इथेच सांगतो. बाष्पीभवनाने फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. १०० लिटरांतले ३ लिटर उडाले की ३५ ची क्षारता ३६ होते, आणि ती भर खाऱ्या पाण्याने घातली तर ती ३६ च राहून पुढच्या वेळी आणखी चढते. म्हणून रोजची घट गोड्या पाण्यानेच भरावी; खारे पाणी फक्त पाणी बदलताना, जेवढे काढले तेवढेच घालावे. उरलेले मीठ हवाबंद डब्यात ठेवावे, आणि ओल लागून त्याचे दगडासारखे खडे झाले असतील तर त्यातून मिसळलेल्या पाण्याची अल्कलिनिटी वापरण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावी.