आईच्या जुन्या सुरीला घरीच लाकडी मूठ बसवता येईल का? नुसत्या अराल्डाइटवर (दोन ट्यूब मिसळून लावायच्या डिंकावर) टिकेल का?

बसते की ताई, कामून नाही बसणार. तुम्ही लिहिलंय की पातं कार्बन स्टीलचं आहे, अजून चांगलंय, प्लास्टिकची मूठ तेवढी चिरून पडलीय आणि पातं मागं मुठीएवढंच रुंद आहे, त्याला भोकं पण आहेत. मग अर्धं काम झालंच. आपल्या खुरप्याला मागं टोकदार शेपूट असतं, लोहार ते लाल करून लाकडात घुसवतो, तलवारीची मूठ तर पूर्वी लाख भरून बसवायचे. तुमच्या सुरीला तसलं काही नको, दोन बाजूला दोन फळ्या, मधी पातं आन् आरपार पितळी पिना.

मी बीडकडचा, वाळूजला कंपनीत फिटर आहे, हा नाद सुट्टीच्या दिवसाचा. पहिली मूठ केली ती आमच्या बांधावरच्या बाभळीची. दिवाळीत फांदी तोडली, आठ दिवसात फळ्या पाडल्या, मूठ अशी झकास बसली की मी ती सगळ्या गल्लीला दाखवून आलो. वैशाखात बघतो तर पातं आणि लाकडात नख जाईल एवढी फट, आन् एक फळी पिनेपासून टोकापर्यंत उललेली. अराल्डाइटला लय शिव्या घातल्या, पण त्याची काय चूक, लाकूडच ओलं होतं. लाकूड वाळताना आखडतं, लोखंड आखडत नाही, मग कुठंतरी फाटणारच. त्यात आपल्याकडं उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर आणि पावसाळ्यात तेच दार फुगून लागत नाही, म्हणून तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर अराल्डाइटमध्ये नाहीच, लाकडात आहे.

जुनं लाकूड शोधा. मोडलेल्या बैलगाडीची बाभूळ, पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचं सागवान नाहीतर फर्निचरवाल्याकडं पडलेले शिसमचे तुकडे, तो बहुतेक फुकटच देतो. नवीनच लाकूड वापरायचं असंल तर १० मिलिमीटरच्या फळ्या पाडून दोन्ही टोकांना मेण नाहीतर रंग लावा, सावलीत ठेवा आणि दर आठवड्याला किराणा दुकानाच्या डिजिटल काट्यावर वजन करा, वजन उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं, त्याच्या आधी हात लावू नका. सागवान तेलकट असतं, चिकटवायच्या आधी थिनर नाहीतर ॲसिटोननं पुसायचं. शिसमचा भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो, मास्क बांधूनच घासा.

कामाला बसायच्या आधी धारेला पुठ्ठा लावून वरून टेप गुंडाळा, मी एकदा आळस केला, अंगठ्यावर अजून वण आहे. जुन्या रिवेटचं डोकं ड्रिलनं खाऊन पंचानं बाहेर ठोका. भोकं आहेत तीच वापरा, नवीन पाडायच्या भानगडीत पडू नका, कडक पात्यात साधं बीट चालत नाही, नुसतं जळतं. पिनेसाठी गॅस वेल्डिंगवाल्याकडं ब्रेझिंगची पितळी काडी मिळते, साधारण ३ मिलिमीटरची, तुमचं भोक मोठं असंल तर हार्डवेअरमधून जाड सळी घ्या, भोकात सरकंल पण डुगडुगणार नाही अशी.

फळीची आतली बाजू सपाट करायला काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्याच्यावर फळी घासायची, मग पात्याला लावून बल्बसमोर धरायची. उजेड दिसला की अजून घासा. याला मला एकेक तास लागतो आणि बघणाऱ्याला वाटतं हा काय नुसता बसलाय. भोकं पाडताना पहिली फळी पात्याला क्लॅम्पनं आवळून पात्याच्या भोकातूनच बीट घाला, एक भोक झालं की त्यात लगेच पिन सरकवा आणि मगच दुसरं पाडा, नाहीतर फळी केसभर सरकते आणि शेवटी दुसरी पिन जात नाही. दुसऱ्या फळीला पण तसंच.

आता जे बरेच जण विसरतात ते. फळीचं पुढचं टोक, म्हणजे पात्याकडचं, त्याचा गोलवा आणि पॉलिश चिकटवायच्या आधीच पूर्ण करायचं. दोन्ही फळ्या पिनेवर एकत्र जोडून घासल्या की सारख्या होतात. नंतर तिथं कानस नेली की पात्यावर ओरखडे पडलेच म्हणून समजा.

चिकटवताना पाच मिनिटवालं घेऊ नका, हात चालेपर्यंत ते आळतं. साधं अराल्डाइट दोन्ही ट्यूबमधलं सारखं घेऊन नीट मळा. पातं ८० नंबरच्या पेपरनं खरबरीत करून ॲसिटोननं पुसा, त्यानंतर बोट लावू नका. पिनांना पण अराल्डाइट लावून घाला. क्लॅम्प जीव खाऊन आवळू नका, सगळा डिंक बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. पुढच्या टोकाला बाहेर आलेलं कापसावर थिनर घेऊन तेव्हाच पुसा. एक अख्खा दिवस तसंच राहू द्या. पिनांची डोकी ठोकून फुगवायची गरज नाही, घरच्या सुरीला अराल्डाइट आणि सरळ पिना दोन्ही मिळून पुरतात, आणि ठोकताना लाकूड चिरतं.

मग कानस, मग ८०, १२०, २२०, ४०० असे पेपर. ग्राइंडर लावणार असाल तर पितळ लय लवकर तापतं आणि त्याच्या बाजूचा अराल्डाइट मऊ पडतो, हाताला चटका बसला की थांबायचं. मूठ साधारण १८ ते २० मिलिमीटर जाड ठेवा, पण खरं माप आईचा हात, मधीमधी त्यांच्याच हातात देऊन बघा.

शेवटी तेल. शेंगदाण्याचं लावू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं आणि खवट वास मारतं. जवसाचं लावा, हळूहळू वाळून कडक होतं. जवस मिळालं नाही तर करडईचं, आपल्याकडं त्याला काय तोटा, फक्त ते वाळायला अजून जास्त दिवस घेतं. पातळ हात द्यायचा, जादाचं पुसायचं, दोन-तीन दिवसानं परत, असं चार-पाच वेळा. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं, उघडं पसरून वाळवा नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

भोकं किती आहेत आणि पातं मागं किती जाड आहे ते सांगा, पिनेचं माप बघू.